कुंकू लावलेला आकडा

डॉक्टर,

परवा तुमची शोकसभा झाली. वाचनालयाच्या हॉलमध्ये. माणसं बऱ्यापैकी आली होती, आणि जो तो उठून एकच सांगत होता, की तुम्ही आयुष्यात कधी कशाची अपेक्षा केली नाही. निरपेक्ष सेवा, निष्काम वृत्ती, देवमाणूस. मी मागच्या रांगेत बसले होते. उठून म्हणावंसं वाटत होतं, अहो, केली होती की अपेक्षा. वर्षानुवर्षं करत होते. टाइप करून, तीन-तीन प्रतींत करत होते. एक एक्स-रे यंत्र, कारखान्या-कारखान्यांतून फिरायला एक माणूस, आणि एका प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत पुरेल इतका वेळ. सरकारकडं मागत होते, हक्कानं मागत होते, आणि मिळालं नाही म्हणून चिडतही होते. पण मी उठले नाही. दमलेय हो मी. तुम्ही गेल्यापासून रडू कमी आणि थकवाच जास्त आलाय.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन दवाखान्यातल्या बाकावर आडवे झालात. 'तीनला उठवा, सुलोचनाबाई,' म्हणालात. मी तीनला उठवायला आले. त्याविषयी मला अजून काही लिहिता येत नाही, म्हणून बाकीचं लिहिते.

पूर्व भागातला हा आपला दवाखाना, म्हणजे पुढं तुमची खोली आणि मागं माझी. माझ्या खोलीला एक खिडकी, खिडकीशी मायक्रोस्कोप. दिवसभर विणकरांच्या थुंकीच्या काचा स्पिरिटच्या दिव्यावर शेकून रंगवायच्या आणि त्यांत क्षयाच्या जंतूंच्या लाल काड्या शोधायच्या, हे माझं काम. माझी बोटं कायम निळी. माढ्याला माहेरी गेले की आई म्हणायची, 'आगं, तू दवाखान्यात हायस का रंगाऱ्याकडं?' तुम्ही मैंदर्गीचे. काही महत्त्वाचं सांगायचं असलं की आधी तोंडातून कानडी 'नोड्री', म्हणजे 'बघा', निघायचं आणि मग मराठी सुरू व्हायचं. त्या सकाळी तुम्ही माझ्या दारात उभे राहून 'नोड्री' म्हणालात, आणि पुन्हा 'नोड्री'च म्हणालात. तेव्हाच मी ओळखलं की आता आपल्याला स्वस्थता नाही.

तुम्ही मल्लय्याला शोधायला गेला होता. क्षयाची इंजेक्शनं अर्ध्यात सोडून तो रात्रपाळीला जायला लागला होता. त्याच्या कारखान्यात पोचलात तेव्हा पाळी बदलायची वेळ होती. मागावर इकडून तिकडं धावणारा लाकडी धोटा तर सोलापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असतो. आत सूत गुंडाळलेली कांडी घालायची आणि सूत बाजूच्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढतात तोंडानं. भोकाला ओठ लावायचे आणि एक दम ओढायचा, की सूत बाहेर. आजा तसंच करायचा, बाप तसंच करायचा. मल्लय्या खोकला, त्यानं कांडी बदलली, धोट्याला तोंड लावलं, सूत ओढलं. मग भोंगा झाला. दिवसपाळीचा नरसय्या आला, त्यानं तोच धोटा हातात घेतला, आणि थोड्या वेळानं कांडी संपल्यावर त्याच भोकाला तोंड लावलं.

'सगळे एका पेल्यातनं प्यायलेत की हो,' तुम्ही म्हणालात.

मी म्हटलं, मग सांगा जाऊन सगळ्यांना. तेव्हा तुम्ही जे बोललात ते परवाच्या एकाही वक्त्याला ठाऊक नाही. तुम्ही म्हणालात, 'काय सांगू? मला नुसतं वाटतंय. वाटणं म्हणजे कळणं नव्हे. खोल्या दाटीच्या आहेत, खाणं निकस आहे, घरात एक जण खोकला की सगळी खोकतात. धोट्यानंच होतंय कशावरनं? ते बघायला पाहिजे.' डॉक्टर, तुम्हाला मान नको होता हे खरंय. पण तुम्हाला उत्तर पाहिजे होतं. आणि उत्तर फुकट मिळत नाही, हे आपल्या लोकांना कधी कळणार कोण जाणे. बेवारशी मुडद्याला खांदा द्यायला चार माणसं मिळतात, पण माणूस मरतो कशानं ते शोधायला निघालं की सगळ्यांना काम असतं.

तुम्ही अर्ज करायला लागलात. राज्याच्या कचेरीनं कळवलं की विषय मोठ्या महत्त्वाचा आहे, दिल्लीला लिहा. दिल्लीनं कळवलं की विषय स्थानिक महत्त्वाचा आहे, राज्याला लिहा. मग दुष्काळ पडला आणि सगळा पैसा खडी फोडायच्या कामांवर गेला. तेव्हा तुम्हीच म्हणालात, बरोबर आहे, आधी पोट. दुष्काळ सरला तर आणीबाणी आली. तुम्ही एका साहेबांना भेटायला गेलात तर ते म्हणाले, 'डॉक्टर, आधी नसबंदीच्या केसेस आणा, मग तुमच्या धोट्याचं बघू.' तुम्ही परत आलात, सायकल भिंतीला लावलीत आणि कानडीत जे काही बोललात त्याचा अर्थ मी आजवर कुणाला विचारलेला नाही.

पैसा येईना, तेव्हा निदान सूत ओढायचा आकडा तरी करू म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या रशीदभाईच्या सायकल दुकानात जाऊन बसलात. सायकलची जुनी तार ठोकून बारीक करायची, टोक वळवायचं, ते धोट्याच्या भोकातून घालायचं आणि सूत अडकवून बाहेर ओढायचं. तोंड लावायचं कामच नाही. रशीदभाई तार ठोकता ठोकता म्हणाला, 'क्या डाक्टरसाब, दवाखाना बंद करके मच्छी पकडने चले क्या?' तुम्ही म्हणालात, 'मच्छीच आहे, पण फार बारीक. सुलोचनाबाईंनाच दिसते.' मला तेव्हा फार हसू आलं होतं. अजूनही आलं, लिहिताना.

आकडे वाटले. नरसय्यानं दोन बोटांत धरून उलटा-सुलटा करून पाहिला. 'चांगला हाय, डाक्टर. पन हात थांबतो की. तोंड लावलं की एका दमात सूत भाईर. मजुरी कापडावर मिळती, आकड्यावर न्हाय.' त्याचं काही खोटं नव्हतं. तुम्ही त्याला म्हटलंत, बरं, मग निदान थुंकी तरी तपासायला दे. खोकणाऱ्यांची आम्ही तपासतोच, पण जे खोकत नाहीत आणि त्याच धोट्यावर बसतात, त्यांची पाहिजे. त्याशिवाय कळायचं कसं? नरसय्या हसला. 'मला काय झालंय? आन निघालंच काय तर मालक मागावरनं उठवंल. न निघालेलं बरं.' तुम्ही आर्जव केलंत, रागावलात. तो दर वेळी पान काढून तुमच्या हातावर ठेवायचा आणि विषय बदलायचा.

मग ती खंडेनवमी. मागांची पूजा होती. नरसय्यानं आग्रहानं बोलावलं म्हणून आपण दोघं गेलो. माग धुऊन-पुसून लख्ख, झेंडूची माळ, आणि मागाच्या कडेला खिळ्याला तुमचा आकडा टांगलेला, त्याला हळद-कुंकू लावलेलं. नुसत्या नरसय्याच्याच मागाला नाही, ओळीनं सगळ्या मागांना. तुम्ही एकेका मागापाशी थांबत होता. तुमचे डोळे भरून आले होते. मी तुम्हाला कधी असं पाहिलं नव्हतं. नरसय्या नारळ फोडून म्हणाला, 'आकडा न्हाय डाक्टर, द्येवच हाय आमचा.' परतताना तुम्ही वाटेत पेढे घेतलेत.

आठवड्यानं मी थुंकीच्या डब्या द्यायला त्या बाजूला गेले तर आकडे तिथंच खिळ्याला. कुंकू वाळलेलं. आणि खाली नरसय्या धोट्याला तोंड लावून सूत ओढत होता. मी म्हटलं, आकडा का नाही घेत? तर तो खरोखर चकित झाला. 'बाई, पूजेतला हाय तो. त्याला कसं हात लावायचं, उष्ट्या हातानं?' मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही जेवत होता. घास तसाच हातात धरून म्हणालात, 'पूजा केली ती मनापासनं केली. तेवढं तरी खोटं नव्हे.' मला तुमचा फार राग आला. तुमचा राग कुणावर टिकायचा नाही, म्हणून तो सगळा मलाच करायला लागायचा.

कामावर नाव कुणाचं लागावं, यावरून आपलं कायम भांडण. मुंबईचे ते मोठे प्राध्यापक आले होते, आठवतंय? कॅमेरा घेऊन. नरसय्याला खिडकीजवळ उभं करून धोट्याला तोंड लावलेला त्याचा फोटो काढला. तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत, माझ्या काचा दाखवल्यात, जेवू घातलंत. पुढं कळलं की तो फोटो त्यांनी मोठ्या सभेत पडद्यावर दाखवला, वाहवा झाली, आणि त्यांच्या विभागाला अभ्यासासाठी अनुदानही मिळालं. दुसऱ्याच कुठल्या गावात करायच्या अभ्यासासाठी. तुमचं नाव कुठंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, 'विहिरीला पाणी लागलं की झालं. कुदळ कुणाची होती ते कशाला विचारायचं?' मी म्हटलं, 'डॉक्टर, पाणी लागलंय ते त्यांच्या मळ्यात. आपली विहीर कोरडीच की.' तुम्ही हसलात आणि चहा सांगितलात.

ते भांडण तसंच राहिलं. मला अजून वाटतं की माझंच बरोबर होतं. नावाची हाव वाईट, हे मलाही कळतं. पण पैसा नावामागून जातो. ज्याचं नाव नाही त्याच्या प्रश्नालाही नाव राहत नाही, आणि मग तो प्रश्नच कुणाचा नसतो. साधेपणा तुमचा होता, किंमत या गल्लीनं मोजली. मल्लय्या गेला. त्यानंतर आणखी कोण कोण गेलं ते तुम्हाला ठाऊक आहे. यातलं धोट्यामुळं कोण गेलं आणि दाटीमुळं कोण, हे ना तुम्हाला कळलं ना मला. चिडावं ते याच्यावर. तुम्ही बरोबर होता की चूक, एवढंसुद्धा तुम्हाला कुणी कळू दिलं नाही.

आणि हाच नावाबद्दल इतका उदार माणूस माझ्या नावाबद्दल मात्र असा हटून बसला की विचारू नका. अर्जात तुम्ही मला सहसंशोधक म्हणून घातलंत. वरून निरोप आला, बाईंना पदवी नाही, नाव काढा, म्हणजे यंदा नक्की विचार होईल. मी म्हटलं काढा की, काय बिघडतं. तुम्ही काढलं नाहीत. वर्ष गेलं. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. म्हटलं, आपलं नाव चोरीला गेलं तर हसता आणि माझ्या नावासाठी गल्लीचं नुकसान करता, कुठला हा न्याय? तुम्ही शांतपणे म्हणालात, 'माझं नाव गेलं तर एक म्हातारा जातो. तुमचं खोडलं तर काम खोटं होतं. काचा मी नाही बघितल्या. तुम्ही बघितल्यात.'

मी उठले. काचा धुवायला निघून गेले. चाळिशी उलटलेली बाई, त्या दिवशी नळाखाली हात धरून किती वेळ उभी होते. आयुष्यात मला कुणी असं काही दिलं नव्हतं, डॉक्टर. हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं असं नाही म्हणत मी. तुम्ही लाजला असता आणि मला टोचून काही तरी बोलला असता. पण आता सांगते. ते वर्ष फुकट गेलं असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि माझ्या मनाला विचाराल तर ते वर्ष मला मिळालं.

गेल्या वर्षी शेवटी गावानं तुमचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. 'धोटेवाले डॉक्टर' म्हणून भाषणं झाली, टाळ्या झाल्या, अध्यक्षांनी शासनदरबारी प्रश्न मांडण्याचं आश्वासन दिलं आणि बाहेर पडताना विचारलं की धोट्याचं नेमकं काय होतं हो ते. रिक्षात मी म्हटलं, 'डॉक्टर, झालं. तुम्हालाही लावलं कुंकू. आता तुम्हाला कुणी वापरायचं नाही.' तुम्ही इतके हसलात की रिक्षावाला मागं वळून बघायला लागला. दुसऱ्या दिवशी नारळाची चटणी झाली आणि शाल तुम्ही मायक्रोस्कोपवर टाकलीत, धूळ बसू नये म्हणून. तेव्हापासून ती तिथंच असते.

आता काय ठरलंय ते सांगते. शोकसभेनंतर दवाखान्याच्या मंडळाची बैठक झाली. नवा डॉक्टर बघताहेत, पण त्याला नुसता दवाखाना चालवायचाय, संशोधन वगैरे नको, आणि तपासण्या सिव्हिलला पाठवता येतात. माझ्या खोलीत तुमचं स्मृतिदालन करायचं. भिंतीवर तुमचा मोठा फोटो. काचेचं कपाट, त्यात तुमचा स्टेथोस्कोप, एक आकडा आणि मायक्रोस्कोप. चिटणीस मला म्हणाले, 'बाई, तुमीबी लई वर्सं केलं. आता इसावा घ्या.' प्रेमानंच म्हणाले. मी हो म्हटलं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं मला. आता पुन्हा अर्ज नकोत, पुन्हा साहेबांच्या दारात बाक झिजवणं नको, धोटा म्हणजे काय हे पुन्हा पहिल्यापासून कुणाला समजावणं नको. माढ्याला भावाकडं जावं, अंगणात बसावं, बोटं पांढरी होऊ द्यावीत. तुमचा प्रश्न तुमच्याबरोबर गेला म्हणावं आणि सुटावं.

आज सकाळी सामान आवरत होते. काचा कागदात गुंडाळत होते. दारात नरसय्या उभा. मला वाटलं तुमच्या फोटोला हार घालायला आलाय. आले की लोक रडतात आणि मग मलाच त्यांना पाणी द्यावं लागतं. त्याच्या हातात हार नव्हता.

'बसा,' म्हटलं.

'बसायला न्हाय आलो.' त्यानं खिशातून आकडा काढून टेबलावर ठेवला. तेल आणि मळ लागून काळा झालेला, टोकाला घासून चकाकी आलेली. कुंकवाचा मागमूस नाही. 'कुंकू धुतलं मी,' तो म्हणाला. 'डाक्टर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाप न्हाय ना लागत?'

'नाही लागत.'

'धाकटा लेक बसतो आता रातच्या पाळीला. माझ्याच मागावर. माझ्याच धोट्यावर.' तो खोकला. 'मी जरा खोकतोय, बाई. महिना हून गेला. म्हनून आकडा लावला. लेकालाबी लावायला लावतो, त्यो कुरकुरतो. आता मला एक सांगा. इतकी वर्सं तुमी दोघं बघत व्हता. मग खरं काय निघालं? धोट्यानंच हुतंय का न्हाय?'

डॉक्टर, आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. साहेबांनी नाही, अध्यक्षांनी नाही, त्या प्राध्यापकांनीसुद्धा नाही. परवाच्या सभेतही सगळ्यांनी तुम्ही किती थोर तेवढंच सांगितलं. मला खोटं बोलता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्यानं जन्मभर आकडा वापरला असता. पण तुम्ही इथं असता तर जे म्हणाला असता तेच मी म्हटलं.

'अजून ठाऊक नाही, नरसय्या. बघायचं राहिलंय.'

मला वाटलं तो वैतागेल. त्यानं खोलीभर नजर फिरवली. गुंडाळलेल्या काचा, भिंतीला टेकवलेलं नवं काचेचं कपाट, शाल पांघरलेला मायक्रोस्कोप.

'मग हे समदं बांधून कुटं चाललाय?' तो म्हणाला. 'बघा की. मी सकाळी काय न खाता आलोय.' आणि त्यानं हात पुढं केला. 'डबी द्या.'

मी थुंकीची डबी शोधली. सगळ्या पेटीत गेल्या होत्या, पेटी पुन्हा उघडावी लागली. तो मागच्या अंगणात गेला. मी मायक्रोस्कोपवरची शाल काढली, घडी करून तुमच्या बाकावर ठेवली, आणि स्पिरिटचा दिवा लावला.